रेघेच्या वरचं नाव

प्रताप नगर, नागपूर
२ फेब्रुवारी २०२५

भूमी,

बिल्ल्यांच्या डब्यातून पत्र निघालं म्हणून दचकू नकोस, आणि फाडूही नकोस. तुमच्या संशोधन केंद्राची ऑर्डर दर वर्षी येते, मी बिल्ले कोरून पाठवतो, आणि त्यात पाच वर्षं झाली, ना तुझा शब्द असतो ना माझा. माझा नंबर तू बंद केला आहेस. दर रविवारी तुझ्या पिंकीवहिनीच्या फोनवर आईशी बोलतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा असतो, आणि मी नुसता खोकलो तरी तुला एकदम काहीतरी काम आठवतं. पोस्टाचा नंबर काही बंद करता येत नाही, म्हणून हा उद्योग.

ऑर्डर चार बिल्ल्यांची होती, २४१ ते २४४. डब्यात सात आहेत. मशीनवर बसलो, हात चालत राहिला आणि तीन जास्तीचे झाले. पितळ वाया कशाला घालवायचं म्हणून तेही टाकले. असू द्या, पुढे लागतील.

पहिल्यांदा निघालीस तेव्हाचे शंभर बिल्ले आठवतात? इतवारीत दुकानाच्या पायरीवर बसून मी ते कोरले होते. तू सांगायला विसरलीस आणि मी सवयीनं मराठी आकडे घातले. तू रडकुंडीला आलीस, तिथले लोक वाचणार कसे म्हणून. आता केंद्रातली सगळी माणसं आपला नऊ ओळखतात, असं तुमच्या ऑर्डर पाठवणाऱ्या बाईंनी एकदा लिहिलं होतं. स्वीडनच्या उत्तरेला, जिथे झाडांची शेवटची रेघ संपते आणि पुढे नुसता दगड अन् बर्फ, तिथे झाडाझाडाला माझ्या हातचे आकडे लटकतात. भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाचं अक्षर एवढ्या लांब जात नाही. लग्नातली परात फार तर भंडाऱ्याला जाते.

आई बरी आहे. थोडी थंडी वाजते म्हणते.

गडव्यांचं तुझ्या मनात अजून आहे, हे मला समजतं. बाबांच्या तेरवीला वाटलेल्या पाण्याच्या गडव्यांवर माझ्या नावाशेजारी तुझं नाव घालायचं राहून गेलं. गडबडीत राहून गेलं. माणसाकडून होतं असं.

दादा

२३ मार्च २०२५

भूमी,

तुमच्या बाईंची मेल आली. दुकानाचे मालक दादाजी इंग्रजी चष्मा लावून वाचतात, त्यांनी वाचून दाखवली. बाई विचारतात, तीन बिल्ले जास्त का पाठवले? विचारायचं कारण, या महिन्यात तुम्ही बर्फावरून वर गेलात, तेव्हा रेघेच्या वर तीन झाडं डोकं काढून उभी होती आणि ती कोणाच्याच वहीत नव्हती. मोजून तीन. बाईंना गंमत वाटली. दादाजींनाही वाटली. मी चहा प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि चहा न पिताच परत आलो.

हात चालत राहिला, असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. आईनं सांगितलं होतं.

आई दुपारी जेवून पडते. गेली तीन वर्षं ती बरोबर तीन वाजता उठून बसते आणि पलंगासमोरच्या भिंतीकडे बघते. भिंतीवर काही नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. आधी मला वाटलं, वय झालं. जानेवारीत मी तिच्या पायाशी बसून तुमची ऑर्डर वाचत होतो. मोठ्यानं नाही, मनात.

ती म्हणाली, "चार नाही गा सुशील. सात बनव."

"काहून वं माय?"

"तीन अजून उठून राहिले नं."

"कोण उठून राहिले?"

"झोपेल होते ते."

मग पडली आणि घोरायला लागली. मी पिंकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "सातच बनवून टाका नं. तुमचं काय जाते?" तिचं बरोबर होतं. आणि खरं सांगायचं तर मला चारच पाठवायची भीती वाटली. मागच्या वर्षी आई सहा म्हणाली होती, ऑर्डर पाचची होती आणि मी हसून पाचच पाठवले. मे महिन्यात तुमच्याकडून एका बिल्ल्याची वेगळी ऑर्डर आली. त्याच्या आदल्या वर्षीही असंच झालं होतं, पण तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

तू याला योगायोग म्हणशील. मीही दोन वर्षं तेच म्हणत होतो.

तू तिला फोनवर काही सांगतेस का? पिंकी म्हणते, नाही. जेवलीस काय, स्वेटर घातलं काय, एवढंच तुमचं बोलणं होतं. तरी विचारतो.

दादा

२० एप्रिल २०२५

भूमी,

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. आपल्या घरात यालाही बोलणंच म्हणतात.

इथे पारा चव्वेचाळीसवर आहे. इतवारीत बारानंतर हातगाड्यासुद्धा सावलीला लावून माणसं झोपतात. आणि आई गोधडी मागते. मी कूलर लावला तर हात जोडते, "बंद कर गा, आधीच हवा लागून राहिली." तिचे हात थंडगार असतात. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. त्यांनीच हात दोनदा पुसून पुन्हा तिच्या मनगटाला लावला, आणि मग माझ्याकडे बघितलं नाही.

परवा तीन वाजता मी मुद्दाम तिच्याजवळ बसलो. विचारलं, झाडं कशी दिसतात. ती हातानं दाखवायला लागली. म्हणाली, उभी नाहीत, निजलेली आहेत. चटईवानी. जमिनीला धरून. वरून बर्फाची गोधडी. आजोबा-पणजोबांच्या आधीपासून निजलेली. मधूनच एखादं मान वर काढतं, की वारा त्याची मान कापतो, ते पुन्हा निजतं. "आता वारा कापत नाही त्याईले. म्हणून उठून राहिले," असं ती म्हणाली.

भूमी, मला तर वाटायचं की झाडं बिया टाकत टाकत वर सरकतात. तू जायच्या आधी आईला परातीतल्या कणकेवर बोटानं रेघ ओढून दाखवली होतीस, ही झाडांची रेघ, ऊन वाढलं की ही अशी वर जाणार. कणकेवर काही निजलेलं नव्हतं. म्हणून मी दादाजींकडून तुमच्या बाईंना मेल करवली. त्यांचं दोन पानी उत्तर आलं. हो, काही झाडं शेकडो वर्षं जमिनीसरपट पडून असतात, काहींची मुळं तर हजारो वर्षांची आहेत. बर्फाबाहेर आलेला शेंडा थंडीनं जळतो, म्हणून ती पसरतात, उंच होत नाहीत. आता हिवाळे मऊ झाले. शेंडा जगतो आणि दहा-वीस वर्षांत ते झाड उभं राहतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं रेघ चालत वर गेली. चालत कोणी गेलेलं नसतं, ते आधीपासून तिथेच असतं.

शेवटी बाईंनी विचारलं होतं, तुमच्या आई वनस्पतिशास्त्र शिकल्या आहेत का? दादाजींनी लिहिलं, चौथी पास.

तीनच दिवसांपूर्वी मी एका लग्नाच्या डब्यांवर नावं घालत होतो आणि सारखा दुकानाच्या आतल्या अंधाराकडे बघत होतो. काही नव्हतं. घमेली होती, एकात एक निजवलेली.

दादा

१४ मे २०२५

भूमी,

हे पत्र नीट वाच. रागावायचं असेल तर वाचून झाल्यावर रागाव.

यंदाच्या उन्हाळ्यात मोजणीला वर जाऊ नकोस. दुसऱ्या कोणाला पाठव, नाहीतर पुढच्या वर्षी मोज. जी झाडं हजार वर्षं पडून राहिली ती अजून एक वर्ष तुझी वाट बघतील.

आईनं काल एक बिल्ला सांगितला. मी तो बनवणार नाही. कोणता, ते लिहीत नाही, विचारू नकोस. एवढंच सांग, तिथे वर एखादा काळा गोटा आहे का? मोठा, माणूस बसेल एवढा. तू त्यावर बसतेस का? आई म्हणते, तू बसतेस. म्हणते, पाठ डोंगराकडे करून बसतेस आणि वहीत लिहितेस, आणि मागे बघत नाहीस.

मी आत्याच्या श्वेताला फोन केला होता. तुझं तिच्याशी बोलणं होतं हे मला माहीत आहे, आत्याच्या घरून मला सगळं कळतं. तिला म्हटलं, भूमीला सांग, दादा म्हणतो वर जाऊ नको. ती हसली. म्हणाली, "सुशीलदादा, तुम्ही तिले कधी कुठी जाऊ देल्लं होतं?" खरं आहे, पण यावेळी तसं नाही.

आई आता कमी जेवते.

दादा

३० मे २०२५

भूमी,

पिंकीनं तुला फोन केला तेव्हा मी शेजारी होतो. तू रडलीस ते मला ऐकू आलं. मला फोन घ्यायचा होता, पण घेतला नाही.

मंगळवारी दुपारी आई गेली. तीन वाजता उठून बसली नाही म्हणून मी बघायला गेलो. गोधडी हनुवटीपर्यंत ओढलेली होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं, आणि तिच्या केसांना हात लावला तर केस ओले होते. घाम असेल. पिंकीनं टॉवेलनं पुसले आणि टॉवेल बराच वेळ हातात धरून उभी राहिली.

अंबाझरी घाटावर नेलं. रंभाआत्या कळमेश्वरहून आली. सगळे तुझं विचारत होते. मी म्हटलं, तिचे तिथल्या राहण्याच्या परवान्याचे कागद अडकलेत, आता निघाली तर परत जाता येणार नाही. हे खरंच आहे, पण मी ते असं सांगितलं जसं तुझ्या बाजूनं बोलतोय. तेवढं तरी जमलं.

आता घरात कोणी मोठं उरलं नाही, म्हणून कबूल करतो. बाबांच्या गडव्यांवर तुझं नाव राहून गेलं नव्हतं. मी घातलं नाही. बाबा चार दिवस दवाखान्यात तुझं नाव घेत होते आणि तू वर डोंगरात होतीस, फोन लागत नव्हता. तुझी चूक नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मला इतका राग आला होता की साठ गडवे समोर घेऊन बसलो, प्रत्येकावर "स्व. चंपतराव लांजेवार यांच्या स्मरणार्थ" घातलं, खाली "सुशील" घातलं, आणि तुझी जागा साठ वेळा कोरी सोडली. साठ वेळा, भूमी. त्याला विसरणं म्हणत नाहीत. नागपूर-कळमेश्वरच्या साठ घरांत ते गडवे आहेत. पुढच्या वर्षी तू आलीस, आत्यानं त्यातच पाणी दिलं, तू गडवा हातात फिरवून पाहिलास आणि पाणी न पिता उठलीस. संध्याकाळच्या विमानानं गेलीस. आत्यानं मला एवढं सांगितलं आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

मी चुकलो. हे लिहायला मला पाच वर्षं आणि आईचं जाणं लागलं.

तेरवी ८ तारखेला आहे. यावेळी स्टीलचे डबे देणार आहोत.

दादा

५ जून २०२५

भूमी,

श्वेताकडून तुझा निरोप मिळाला. तिनं वाचून दाखवला: "दादाचं पत्र आलं. मला घाबरवू नको म्हणावं. दहा तारखेला मी वर जाणार आहे. आणि आईच्या डब्यांवर माझं नाव हवं. यावेळी नसेल, तर मला भाऊ नाही."

माझी तीस तारखेची कबुली अजून कुठल्यातरी विमानतळावर पडून असेल. पत्राला तीन आठवडे लागतात. हेही तुला वेळेवर मिळणार नाही, तरी लिहितो, कारण हे सगळं डोक्यात ठेवून मशीनवर बसता येत नाही.

आईनं काय सांगितलं होतं, ते आता सांगतो.

तेरा मे. दुपारी तीन. ती भिंतीकडे बघत होती, नेहमीसारखी. म्हणाली, "एक अजून उभी हाय."

मी म्हटलं, "कितवा नंबर घालू?"

"नंबर नाही. काळ्या गोट्यापाशी उभी हाय ते झाड नोहे गा." मग माझ्याकडे वळली. डोळे स्वच्छ होते, ताप नव्हता, काही नव्हतं. "भूमीच्या नावाचा बनव," असं म्हणाली.

आता तूच सांग. तीन वर्षं तिनं जो आकडा सांगितला तो तिथे उभा राहिला. मी कोरला काय, नाही काय, तो आला. आणि आता तिनं तुझं नाव सांगितलं. आमच्या धंद्यात मुलीचं नाव पितळेवर दोनदाच येतं, एकदा लग्नात. तुझं लग्न तर नाही.

बिल्ला मी बनवला नाही. तुझं नाव माझ्या हातून धातूवर उतरलं नाही, तर तू वाचशील, असं मी मनाशी धरून बसलो होतो. वेडेपणा आहे. पण आई गेल्यापासून माझ्याकडे तेवढाच उपाय आहे.

आणि तू म्हणतेस, डब्यांवर माझं नाव घाल. मेलेल्या माणसाच्या नावाखाली. एकावन्न वेळा.

घातलं, तर तू मला माफ करशील आणि दोन दिवसांनी त्या गोट्यावर जाऊन बसशील. नाही घातलं, तर मला बहीण राहणार नाही. पिंकीला विचारलं. ती म्हणाली, "त्या रागावल्या तर जित्या राहूनच रागावतील नं?"

श्वेताला पुन्हा म्हटलं, तिला सांग, गोट्यापाशी जाऊ नको. श्वेता म्हणाली, "दादा, मी नाही सांगत आता. तिची माय मेली अन् तुम्ही तिले भुताच्या गोष्टी सांगून राहिले."

दादा

८ जून २०२५
तेरवी

भूमी,

झालं.

सकाळी डबे घेऊन बसलो. वरची ओळ आईच्या नावाची, खाली माझं. पस्तीस-चाळीस डबे झाले असतील. या कामात डोकं लागत नाही, हात आपोआप जातो, म्हणून तर आम्ही गप्पा मारत नावं घालतो. दादाजी काहीतरी बोलत होते, मी हूं हूं करत होतो. खाली बघितलं तर माझ्या नावापुढे "भू" कोरलं गेलं होतं.

मी कोरलं नव्हतं. म्हणजे माझ्याच हातानं कोरलं, पण मी नाही. अक्षर माझं नव्हतं. माझा भ असा नसतो. पाय लांब ओढलेला, गारठलेल्या हातानं काढावा तसा होता.

मशीन बंद केलं. तो डबा मी हातोडीनं चपटा केला आणि मोडीत टाकला. दादाजी उठून उभे राहिले. उरलेले डबे डाव्या हातानं उजवं मनगट धरून केले. पन्नास डबे वाटले. एकावर तुझं एक अक्षर आहे, आणि तो डबा आता डबा नाही.

आत्यानं पंगतीतच डबा उलटा करून बघितला. सगळ्यांसमोर म्हणाली, "अन् पोरीचं नाव कुठी हाय गा? दुसऱ्यांदा असंच करून राहिला काय?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी पोळ्या वाढत राहिलो. श्वेतानं डब्याचा फोटो काढला. तुला पाठवेल आज-उद्या.

पाठवू दे. मला भाऊ म्हणू नकोस, पण वर जाऊ नकोस.

दादा

२२ जून २०२५

भूमी,

आता आपण फोनवर बोलतो, तरी हे पत्र लिहितोय. काही गोष्टी तुझा आवाज कानात असताना माझ्याच्यानं बोलवत नाहीत.

दहा तारखेला तीन वाजता माझा फोन वाजला. पाच वर्षांनी तुझा नंबर. मी दुकानातच पायरीवर बसलो. तू नमस्कार-चमत्कार काही केला नाहीस. "दादा, तुले लाज नाही वाटत? बाबाच्या वेळी केलं, आईच्या वेळी केलं. मी काय मेली काय तुह्यासाठी?" आणि पुढचं मी इथे लिहीत नाही. एवढ्या शिव्या तुला येतात हे मला माहीत नव्हतं, काही तर बाबांच्या होत्या. इतवारीतले चार दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी नुसता "हो, हो" म्हणत होतो, आणि डोळ्यांतून पाणी. त्यांना वाटलं अजून कोणी गेलं. चाळीस मिनिटं तू बोललीस. मी फोन ठेवू दिला नाही. तू दमलीस की मी मुद्दाम काहीतरी उलटं बोलायचो, की तू पुन्हा सुरू. हे मी ठरवून केलं, हे तुला सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तुझा पुन्हा फोन आला, आणि तुझा आवाज हळू होता. तू सांगितलंस की त्या दिवशी तू साडेदहालाच निघणार होतीस, बूटसुद्धा चढवले होते. तेवढ्यात नेटवर्क आलं, श्वेताचा फोटो आला, आणि तू तासभर केंद्राच्या दारातच बसून राहिलीस, मग मला फोन लावलास. पिशवी, वही आणि दुर्बीण तू आदल्या संध्याकाळी वर नेऊन ठेवली होतीस, काळ्या गोट्यापाशी. त्याच्या वरच्या कड्याला वाऱ्यानं बांधलेला बर्फाचा छज्जा होता, दर वर्षी जुलैपर्यंत टिकणारा. यंदा आतून पोकळ झाला होता. साडेअकराला तुटला. म्हणजे आपल्याकडे दुपारचे तीन. तो काळा गोटा आता दिसतसुद्धा नाही, वर चार माणसांच्या उंचीचा बर्फ आहे, असं तू म्हणालीस. पिशवी गेली, वही गेली.

तेव्हा मी तुला त्या "भू"चं आणि आईनं तुझ्या नावाचा बिल्ला मागितल्याचं सांगितलं. तू म्हणालीस, योगायोग. पण पहिल्यासारखं म्हणाली नाहीस.

मग तू जे म्हणालीस ते माझ्या मनातून जात नाही. म्हणालीस, "दादा, बिल्ला आम्ही मेलेल्याले नाही लावत. जो इतकी वर्षं पडून राहिला अन् आता जगून उभा झाला, त्याले लावतो. आई तेच म्हणून राहिली असंल. पोरगी उभी झाली, तिच्या नावाचा बनव." आणि तू रडलीस, आणि म्हणालीस, "तिनं एकच गोष्ट मागितली अन् तू देल्ली नाही."

भूमी, तसंही असेल. मी दिवसरात्र हाच विचार करतो. आईला तुझं कौतुक करायचं असेल, आणि मी तिचं कौतुक मरण समजून दाबून ठेवलं असेल. नाव घातलं असतं तर तू फोनवर शिव्या न देता आनंदानं वर गेली असतीस आणि साडेअकराला त्या गोट्यावर बसली असतीस. किंवा नाव घातलं असतं, तर छज्जा तुटलाच नसता. हे आता कोणाला विचारायचं? विचारायचं ते माणूस गेलं. माझ्याकडून दोनदा तुझं नाव राहिलं, एकदा रागानं, एकदा भीतीनं, आणि लोकांना दोन्ही सारखंच दिसतं. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण तू जिवंत आहेस.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते.

परवा दुकानात एक बाई बारशाची चांदीची वाटी घेऊन आली होती. मी बाळाचं नाव विचारलं आणि माझ्याच तोंडून निघालं, "दोनशे अठ्ठेचाळीस." बाई म्हणाली, "काय म्हणता भाऊ?" दादाजींनी घड्याळाकडे बघितलं. मी बघितलं नाही, मला माहीत होतं किती वाजले असतील. घरी आलो, पिंकीनं ताट वाढलं, आणि माझ्या हाताला हात लागला तसा तिनं काढून घेतला. "किती गार हायत हात," असं म्हणाली. मग दाराच्या मागून गोधडी आणायला गेली, जूनच्या उकाड्यात कोणी काढत नाही ती.

आकडाच होता, भूमी, पाठवलेल्या २४७ च्या पुढचा. नाव नव्हतं. मी दादाजींना दोनदा विचारून खात्री केली.

तुमच्या बाईंची ऑर्डर आली की मला कळेलच. पण बिल्ला मी पोस्टानं पाठवणार नाही. तुझे परवान्याचे कागद सुटले की इथे ये. दुकानात माझ्या समोर बस, आणि मी कोरत असताना माझं मनगट धरून ठेव. उद्या तोंडून आकड्याऐवजी दुसरं काही आलं तर मी तोंड दाबून धरीन. पण हाताचा मला भरवसा राहिलेला नाही. तू समोर असलीस तर निदान हाताला तरी कळेल की तू इथे आहेस, तिथे नाहीस.

दादा